आठ बोल्ट, अकरा मुली

१० नोव्हेंबर २०२४, रविवार
मुलींचा क्लायम्बिंग ग्रुप आजपासून सुरू. अकरा जणी. हर्सूलच्या पुढच्या कड्यावर, दोर अडकवायला खडकात ठोकलेल्या आठ बोल्टांची एक अवघड वाट आहे. शहरातल्या एकाही मुलीनं ती अजून पूर्ण केलेली नाही. मी करणार. नियम ठरवला : लीडरचं पूर्ण झाल्यावरच बाकीच्यांचा नंबर. तोवर खालून दोर धरणं हेही शिक्षणच. चौथ्या बोल्टवरून पडले. म्हणजे निम्मं झालंच.

१२ नोव्हेंबर
आई म्हणाली, घरात पहिली पदवी आली, आन् ती दगडाला लटकती. स्त्री आणि साहस हा विषय तिला समजावून सांगितला. मधेच उठून भाजी निवडायला गेली.

१७ नोव्हेंबर, रविवार
पाच जणी आल्या. बाकीच्यांच्या घरी लग्नं असावीत. चौथ्या बोल्टवरून एकोणीस वेळा पडले. दर वेळी त्यांच्यातल्या निलोफरनं दोर नीट धरला. शेवटी म्हणाली, मी एकदा जाऊन बघू का गं, तुला धरून धरून हात गेले माझे. तिला शिस्तीचं महत्त्व सांगितलं. "हौ मॅडम," म्हणाली. आदर आहे तिला.

२४ नोव्हेंबर, रविवार
फक्त निलोफर. गर्दी नसली की एकाग्रता वाढते. चौथाच बोल्ट. नंतर सावलीत बसून तिच्या डब्यातली खिचडी आणि चिंचेचा खट्टा खाल्ला. दोघी खूप हसलो, कशावर ते आठवत नाही. सरावाच्या नोंदीत हे नको खरं तर.

२८ नोव्हेंबर
यशानंतरचं भाषण लिहून झालं. शेवटी सगळ्या मैत्रिणींचे नावानिशी आभार. सात नावं आठवली.

१ डिसेंबर, रविवार
कुणीच नाही. निलोफरचा मेसेज : तबियत ठीक नाही. वेळ वाया घालवला नाही. दोर उन्हात घातला, परत गुंडाळला.

८ डिसेंबर, रविवार
सकाळी नऊला एकटीच गेले. कड्याखाली शेळ्या चारणाऱ्या कडूबाई भेटल्या. म्हणाल्या, काल लई पोरी आल्या व्हत्या. आळीपाळीनं चढल्या. हिरवा रुमाल बांधलेली तर पार माथ्याला हात लावून आली, समद्यांनी टाळ्या वाजवल्या.
हिरवा रुमाल निलोफरचा.
शनिवारी माझी शिकवणी असते, हे सगळ्यांना माहीत आहे. मला अडचण नको म्हणूनच कळवलं नसेल.
कडूबाईंनी विचारलं, तू न्हाईस व्हय त्यांच्यातली? म्हटलं, मी त्यांची लीडर आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग रिकाम्या वाटेकडं. म्हणाल्या, मग बस की जरा, येतील.
आणि शेळ्या घेऊन गेल्या.
साडेअकरापर्यंत बसले.