अनसूया कुणाचं नाव?

१२ नोव्हेंबर
ताईला मुलगी झाली! दवाखान्यातच बाबा म्हणाले, "हिचं नाव अनसूया ठेवू." ताईनं नाक मुरडलं. आई मात्र ताडकन उठली — "ते नाव माझ्या घरात नको!" आणि डबा न उघडताच निघून गेली. का? विचारलं तर बाबा औषधं आणायला निघाले.

१३ नोव्हेंबर
शाळेच्या कचेरीत बसले, पण चित्त थाऱ्यावर नाही. शेवटी जुनी दाखल रजिस्टरं काढली — कारकून असण्याचा एवढा तरी फायदा! साठ वर्षांत अनसूया तीनच. एकीनं चौथीत शाळा सोडली. एक गणितात पहिली, पुढं इथंच मुख्याध्यापिका. तिसरीच्या नावापुढं लाल शाईत शेरा — 'अतिशय भांडखोर.' हीच मला आवडली.

१४ नोव्हेंबर
मधल्या सुट्टीत संस्कृतच्या बाईंना गाठलं. असूया म्हणजे मत्सर. तो जिच्यात नाही ती अनसूया. अत्री ऋषींची बायको. तीन देव तिची परीक्षा बघायला आले, तर तिनं त्यांचीच तान्ही बाळं केली आणि पाजलं!
"देवांची दुपटी बदलणारी बाई गं ती!" बाई हसत सुटल्या.
घरी येऊन हे सांगितलं. आई भाजी चिरायची थांबली.

१५ नोव्हेंबर
आज आई आपणहून बोलली. माझ्या जन्माच्या वेळी दवाखान्यात तिला ताप भरला, दूध आटलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला अकरा दिवस पाजलं. तिचं स्वतःचं बाळ नुकतंच गेलेलं. तिचं नाव अनसूया, हे बाबांनी नर्सच्या तोंडून ऐकलं होतं.
"माझ्याकडे आलीस की रडायचीस, तिच्याकडे गप्प. जिची कूस रिकामी झाली, तिच्यावर जळत होते मी! निघताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही."
चौतीस वर्षं मनात ठेवलं हे!
"कुठं असते ती?"
"पोस्टामागं शिलाईचं दुकान आहे. त्या गल्लीत मी पाऊल टाकत नाही."

१६ नोव्हेंबर
आईच म्हणाली, "ठेवा अनसूया." ताई — "मला कुणी विचारणार आहे का?" मग सगळं ऐकलं आणि बाळाला घट्ट धरून बसली.

१८ नोव्हेंबर
आईला घेऊन दुकानात गेले. टेबलामागं त्या — पांढरे केस, गळ्यात टेप. आई उंबऱ्यातच थांबली, म्हणून मीच म्हटलं, "अनसूयाबाई, तुमचं नाव आम्ही भाचीला ठेवतोय."
त्यांनी कात्री खाली ठेवली.
"माझं नाही गं ते. माझ्या मुलीचं. दोनच दिवस वापरलं तिनं."