मोहिनीची हाळी

गुरुवार, ३ ऑक्टोबर. धारूर

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. स्टँडजवळच्या हॉटेलात. हातात अर्धा चहा होता, तो तसाच राहिला.

सटवामामा बाकड्यावर बसून हॉटेलवाल्याला सांगत होते — नाथाचा पाय मुरगळला, मेंढरं घाटनांदूरला न्यायला जोडीला कुणी नाही. मंगळवारी तिथल्या एका रानात मेंढरं बसवायचा शब्द दिलेला. ज्वारी पेरायच्या आधी खत पडलं पाहिजे. "पाच दिवस डोंगरानं चालायचं हाय. आजकालची पोरं गाडीवरून खाली उतरतात का?"

मी म्हणलं, "मी येतो मामा."

सगळं हॉटेल हसलं. मामा हसले नाहीत. माझ्या बुटांकडं बघत म्हणले, "पाटलाचं पोरगं तू. कावून येतो?"

"कॉलेज सोडलंय. रिकामाच हाय."

हे खरंय. अर्धं. उरलेलं अर्धं म्हणजे मोहिनी त्यांची मुलगी आहे.

मोहिनी अन् मी एका वर्गात, अंबाजोगाईला, बीएस्सी दुसरं वर्ष. म्हणजे ती आहे, मी होतो. बारा ऑगस्टला कँटीनमध्ये ती पाणी प्यायला गेली अन् मागून आमच्याच वर्गातला बद्रीनाथ मेंढरासारखा ओरडला — ब्यॅऽऽ. सगळी पोरं हसली. मी त्याच्या कानफटात दोन ठेवून दिल्या. प्राचार्य म्हणले, वर्गासमोर लेखी माफी माग, नाहीतर पाऊल टाकू नको. मी कागद फाडला, त्यांच्याच टेबलावर ठेवला अन् निघून आलो. वाटलं, आता मोहिनी...

मोहिनी बावन्न दिवस झाले बोलत नाही. फोन उचलत नाही. माझ्याकडं तिचं एकच आहे — जुलैतला आवाजाचा निरोप, सतरा सेकंदांचा. मी विचारलं होतं, तुम्ही मेंढरं बोलवता कशी? तर सुट्टीला आई-बापाकडं डोंगरावर आली होती तेव्हा तिथूनच हाळी देऊन पाठवली. मी तो किती वेळा ऐकला ते इथं लिहीत नाही.

आता पाच दिवस तिच्या बापासोबत! चालून, राबून दाखवतो. मग घाटनांदुरात विषय काढतो. आमच्याकडं मेंढरंवाल्याला सगळं गावच मामा म्हणतं, पण मी म्हणतो तेव्हा त्यात वेगळी चव आहे. मामाची पोरगी. लिहितानाही हसू येतंय.

वडलांना, अण्णांना, सांगितलं, मित्राकडं चाललोय. ते निवडणुकीच्या तिकिटाच्या गडबडीत. फोनवरचा हात काढून म्हणले, "जा. घरात बसून तरी कोणता उजेड पाडतो."

शुक्रवार, ४

दोनशे मेंढरं, अकरा शेळ्या, एक घोडं, एक कुत्रं, मामा, भामामामी अन् मी. मामी नवरात्राच्या अनवाणी आहेत अन् माझ्या पुढं चालतात. माझ्या टाचेला फोड.

मामींनी दुपारीच विचारलं, "पाटील, बूट तुमी घातलेत का बुटानं तुमाला?"

सकाळी मी लई जोरात होतो. मेंढरांच्या मागून काठी आपटत ओरडत निघालो. पाच मिनिटांत कळप तीन दिशांना. मामा वरून ओरडले, "बे, वरात हाय का ही? मेंढरू हाकून जात न्हाई. पुढं चाल. हाळी दे. अन् मागं बघू नको, मागं बघितलं की त्यांना कळतं ह्याला भेव वाटतंय."

पुढं चाललो. हाळी दिली. मागं बघितलं नाही. बराच वेळ पुढं गेल्यावर कळलं, मागं कुणीच नाही. मामी घोड्याला टेकून हसत होत्या.

पण ते वरचं रान! ह्या डोंगराखाली माझी वीस वर्षं गेली अन् मी एकदाही चालत वर आलो नव्हतो. सकाळी ऊन असं की डोकं फुटावं. दोनला पश्चिमेकडून काळं आलं, दहा मिनिटं बदाबदा कोसळलं, परत ऊन. मागं वळून पाहिलं तर धारूरचा किल्ला ढगाच्या सावलीत अन् आम्ही उन्हात. गवत कमरेएवढं, त्यातून मेंढरांच्या नुसत्या पाठी दिसतात, पाण्यासारख्या हलतात. मी उगीच ओरडलो. कुत्रं भुंकलं. मामा म्हणले, "काय झालं?"

"काही न्हाई मामा."

मामा भिजले. खोकतायत. मी माझं जर्किन देऊ केलं. म्हणले, "ते वाजतंय. जनावरं बुजतील."

शनिवार, ५

सकाळी धुकं. हात पुढं केला तर बोटं दिसेनात. शेळीच्या गळ्यातल्या घंटीच्या मागं चालायचं, बस. दोन तास मी घंटीवर विश्वास ठेवून चाललो. असा मी कधी माणसाच्या भरवशावरपण चाललेलो नाही. दहाला धुकं फाटलं अन् डाव्या हाताला चार पावलांवर खोल दरी! आपण तिच्या काठानं येत होतो हे मामांना माहीत होतं. मला सांगितलं नव्हतं. "सांगितलं असतं तर पडला असता," म्हणले.

आज मी हाळी दिल्यावर अकरा मेंढरं आली. मी मोजली.

नंतरचं लिहायला हात जड झालाय.

दुपारी मामी भाकरी थापत होत्या. मामा कळपाकडं. मी सहज — म्हणजे अजिबात सहज नाही — विचारलं, "मोहिनी काय करती मामी?"

"शिकती की. घाटनांदुराहून येऊन-जाऊन. आत्याजवळ राहती." मग भाकरी उलथली. "औंदा बंदच होणार होतं तिचं. कुण्या पोरानं तिच्यावरनं कॉलेजात मारामारी केली. चार तालुक्यांत गवगवा. हे म्हणले, बास झालं शिक्षण, घरी बस. पोरगी तीन दिवस जेवली न्हाई. मग म्हणली, परत असं काही कानावर आलं तर मीच सोडते."

"कोण पोरगा?"

"नाव सांगितलंच न्हाई तिनं. आरं, कालवण घे की. कोरडी काय चावतो?"

मला वाटत होतं मी तिच्यासाठी कॉलेज सोडलं. माझ्यामुळं तिचंच सुटणार होतं.

आता काही बोलायचं नाही. घाटनांदूरला मेंढरं पोचवायची, तोंड बंद ठेवायचं अन् एसटीनं परत. मामांना कळता कामा नये.

रविवार, ६

कळलं.

सकाळी नुसतं निळं आभाळ. मी शिट्टी वाजवत होतो. मामांचा आवाज खोकून खोकून पार बसलेला, तोंड हलतं पण हवाच येते. तीनच्या सुमाराला वारा एकदम थांबला. मामांनी आभाळाकडं बघितलं अन् पळत सुटले. मला कळेपर्यंत गारा.

आधी बोराएवढ्या. मग लिंबाएवढ्या. मेंढरं वाऱ्याला पाठ देऊन पळतात, अन् वारा दरीकडं चाललेला. मामी घोड्यासोबत खालच्या वाटेला. मामा त्या टोकाला, दोन्ही हात वर करून तोंड उघडं — आवाज नाही. मी हाळी दिली. दिली, परत दिली. कालची अकरासुद्धा फिरली नाहीत. कडा शंभर पावलांवर असेल.

फोन प्लास्टिकच्या पिशवीत होता. बॅटरी नऊ टक्के. मला आठवतंय, पिशवी सोडताना मी थांबलो होतो. एक गार हातावर बसली तेवढा वेळ. मोहिनीचं म्हणणं आठवलं — परत असं काही कानावर आलं तर. मग एक कोकरू कड्यावरून गेलं. माझ्या डोळ्यांदेखत.

खांद्याला अडकवलेली दुधाची चरवी काढली, फोन आत ठेवला, तोंड कळपाकडं केलं अन् मोहिनीची हाळी लावली.

"हुर्रर्र — ये ये ये — हुर्रर्र —"

चरवीत आवाज असा घुमला की मलाच काटा आला. घंटीवाली शेळी थांबली. तिनं मान वळवली. मी परत लावली. शेळी फिरली, तिच्या मागं दहा, मग पन्नास, मग सगळंच पांढरं-काळं वळून माझ्याकडं. गुडघ्याला धडका बसत होत्या. मी रडत होतो का गारा लागत होत्या, माहीत नाही.

निरोप बंद करायचं राहिलं. चिंब भिजलेले मामा कळपातून माझ्यासमोर आले तेव्हा चरवीतून त्यांची मुलगी हसत बोलत होती —

"कळलं का आदिनाथ? जनावरंपण धावत येतात. तू तर यशीलच."

मामा म्हणले, "बंद कर."

आवाज नव्हताच. ओठांवरून कळलं.

सोमवार, ७

चौदा किलोमीटर. मामा दिवसभर कळपाच्या पार त्या टोकाला चालले. ऊन, पाऊस, ऊन.

संध्याकाळी, मेंढरांभोवती जाळीचं वाडगं लावून झाल्यावर, फाटक्या आवाजात —

"ते मारामारी करणारा तूच?"

"हो मामा."

"मामा म्हणू नको. काका म्हण."

एका शब्दात संपवलं त्यांनी. काकाची पोरगी बहीण लागते. ह्यापेक्षा काठीनं मारलं असतं तर चाललं असतं.

मी म्हणलं, तिचं कॉलेज बंद करू नका, तिचा दोष नाही, ती दोन महिने माझ्याशी बोललेली नाही. एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण माझं डोकं. म्हणलं, "तो तुमच्या पोरीमागं मेंढरागत ओरडला, तुमाला राग न्हाई येत?"

"मी मेंढरंवालाच हाय की. कुणी मेंढरागत ओरडला तर मला काय लागतं?" खोकला. बराच वेळ. "पोरीला तू चारचौघांच्या तोंडी दिलं, ते लागलं."

मामी चुलीजवळून म्हणल्या, "अन् काल मेंढरं कुणी वाचवली मग?"

"मोहिनीनं," ते म्हणले. अन् घोंगडी ओढून आडवे झाले.

मंगळवार, ८. घाटनांदूर

सकाळी वाडगं उघडायच्या वेळी काकांनी हात पुढं केला. "आण ते. माझा आवाज अजून बसलेला हाय." मामींनी काल खालच्या वस्तीवरून फोन चार्ज करून आणला होता, मला न सांगता.

मग आठ किलोमीटर काका पुढं, हातात माझा फोन, दर वळणाला मोहिनीची हाळी. शेवटचं वाक्य यायच्या आत बोटानं बंद करायचे. प्रत्येक वेळी. एकदा चुकले. "तू तर यशीलच" पूर्ण वाजलं. मामी तोंडाला पदर लावून घोड्याच्या पलीकडं गेल्या.

गाव आलं. रानाच्या बांधावर मोहिनी उभी. कॉलेजची बॅग अजून पाठीवर. फोनमधून हाळी गेली अन् तिकडून खरी आली — कळप क्षणभर गोंधळला, मग तिच्याकडं सुटला. फोनकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

बापाच्या हातातला फोन तिनं ओळखला. घेतला. सरळ माझ्याकडं आली. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा समोर, अन् माझ्या तोंडून निघालं काय, तर "बरी हाय का?"

"हे काढून टाक."

"मोहिनी, मेंढरं वाचली ह्याच्यामुळं."

"वाचली ते लई बरं झालं. काढून टाक. कँटीनमधी मला इचारलं होतं का, मारू का म्हणून? मी हसून सोडून देणार होते. बद्रीनाथ एरवी माझ्याच वह्या उतरवतो. तू मारलं अन् मग सगळ्या कॉलेजानं मला बघितलं. आता परत माझाच आवाज वाजवीत डोंगर फिरला."

मी निरोप काढून टाकला. तिच्यासमोर. सतरा सेकंद जायला एक सेकंद लागतो.

"अन् कॉलेज माझ्यासाठी सोडलं म्हणून सांगत फिरू नको," ती म्हणली. "माफी मागायची लाज वाटली म्हणून सोडलं तू."

पायाखालची काठी उचलून फेकून द्यावी वाटली. दिली नाही.

"परीक्षेच्या फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत हाय," म्हणली अन् वळली. मेंढरं तिच्या मागं. तिनं मागं बघितलं नाही.

निघताना म्हणलं, "येतो काका." ते वाघर, वाडग्याची जाळी, ताणत होते. मान हलवली.

बुधवार, ९. धारूर

बूट कोपऱ्यात. अण्णा म्हणले, "मित्राच्या घरी चिखल लई दिसतो."

सगळं सांगितलं. अण्णांनी पहिल्यांदा फोन उलटा ठेवला. "मेंढरामागं? आरं, आपली मतं जातील की हसून." मग थोड्या वेळानं — "किती मेंढरं होती?"

"दोनशे. एक कोकरू गेलं."

"बरं," म्हणले.

माफीनामा पाच वेळा लिहिला. पहिल्या चारांत 'परंतु' होतं. फाडले. पाचव्यात एवढंच — बद्रीनाथ, मी तुला कँटीनमध्ये मारलं. ते चूक होतं. मी माफी मागतो. मोहिनीचं नाव कुठंही घातलं नाही. वाचलं की अजून कान तापतात. घडी करून खिशात ठेवला.

फोनमध्ये काही ऐकायला नाही. तरी दोनदा कानाला लावला.

गुरुवार, १०

सात वाजता फोन. अनोळखी नंबर. आधी खोकला, मग मागं घंटीचा आवाज.

"पोरगी इचारती, कागद लिहिला का?"

"लिहिला काका. आजच देतो. वर्गासमोर."

"हां." परत खोकले. "मग बस कशाला चुकवतो? नीघ की भाच्या."

अन् कट.

भाच्या. पुतण्या नाही. जीभ घसरली असेल. मी परत फोन करून विचारणार नाही! मोहिनीनं अजून काही म्हणलेलं नाही, तेही मला माहीत आहे.

बस सव्वासातची. कागद खिशात. तेच बूट, चिखल तसाच. वही इथं टेबलावर ठेवतो, दार ओढून घेतो.