अर्धवट काम

उमेओ, १६ मे

प्रिय बाबा,

नदीवरचा बर्फ वितळला. तुमची होडी मात्र अजून उलटीच पडली असेल. आमच्याकडे सर्व कुशल आहे. हे वाक्य मी एरवी सवयीने लिहिते, आज पडताळून लिहिते आहे.

गेल्या मंगळवारी तूवाच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली. आधी कळवलं नाही, कारण तुमचं मत ठाऊक होतं. ईस्टरला कॉटेजमध्ये नातीचं घोरणं आणि मधेच अडणारा श्वास भिंतीपलीकडून ऐकत तुम्ही रात्र काढलीत, आणि तारवटलेल्या डोळ्यांनी न्याहारीला येऊन म्हणालात, "मुळासकट काढा. मागे ठेवलेलं पुन्हा डोकं वर काढतं. अर्धवट काम करायला शिकलीस कुठे?" जन्मभर घशांवर शस्त्रक्रिया केलेल्या माणसाने असं म्हणावं हे स्वाभाविक आहे. त्याच विषयातल्या मुलीने ते निमूट ऐकून घ्यावं, ही अपेक्षा मात्र स्वाभाविक नव्हती. तेव्हापासून आपण बोललेलो नाही.

पोटच्या पोरीवर आपण शस्त्र चालवू नये, म्हणून काम माझ्या विभागातल्या मॅटिसकडे सोपवलं. टॉन्सिल मुळासकट काढणं आणि थोडंच काढणं, या दोन्ही पद्धतींची तुलना करणारे शोधनिबंधही त्याला धाडले. तो म्हणाला, "सिग्ने, हे मी वाचायचेत, की तुला धीर यावा म्हणून पाठवलेस?" माणूस उद्धट आहे, हात निर्दोष आहे.

त्याने फक्त फुगलेला भाग काढला. आवरण राखलं, त्यामुळे खालचा स्नायू उघडा पडला नाही. मुळासकट काढलं असतं, तर प्रत्येक घोटाला ती रडली असती, आणि खपली सुटताना रक्तस्रावाची धास्ती वेगळीच. इथे तिसऱ्याच दिवशी बाईसाहेबांनी आइस्क्रीम बाजूला सारून राय धान्याची कडक भाकरी मागितली. उरलेला भाग पुन्हा वाढू शकतो, हा तुमचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.

काल दुपारी ती सोफ्यावर झोपली होती, मी शेजारच्या खोलीत वाचत होते. एकाएकी लक्षात आलं की घरात काहीच ऐकू येत नाही. मी धावले आणि तिला गदागदा हलवून उठवलं.

"आई," ती वैतागून म्हणाली, "मी नीट झोपले होते ना."

नीटच झोपली होती. तोंड मिटून, नाकाने श्वास घेत. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि बराच वेळ भांडी घासत उभी राहिले. भांडी स्वच्छच होती.

रविवारी या. जेवणानंतर ती झोपते. भिंतीपलीकडे तुमची खुर्ची मांडून ठेवते. ऐकू येण्यासारखं काहीही नाही. ते तुम्ही ऐकायला हवं.

मत न बदललेली, तरी तुमचीच,
सिग्ने