खांबाशी उभी राहिले

मु. देवळाली, १९३८

चि. कुंडलिकास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

फोटोवाला चर्चचा फोटो काढायला आला, त्या सकाळी मी तिथली बाकं पुसत होते. आतल्या अंधारात फोटोसाठी ऊन पाडायला तुझे दाजी खांबाशी आरसा धरून उभे होते. "भिंगाचं झाकण काढलंय, ते परत बसेपर्यंत हलू नका," फोटोवाला म्हणाला. तेवढ्यात मी ठेचकाळले. यांनी मान वळवली. "लागलं का गो?"

तो फोटो परवा पाद्रीबाबांनी दाखवला. खांब लख्ख, यांचे पाय लख्ख, चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. हे गेले, आणि यांचा दुसरा फोटो नाही. तुझ्याकडे ठेवलेली माझी पारू बापाचा चेहरा विचारते, तिला काय पाठवू?

मी बरी आहे. खोकल्यात रक्त पडतं, पण थोडंच. पारू रडत नाय ना? नाचणीची भाकरी खाते?

फोटोवाला पुन्हा आलाय. पारूसाठी मलाही फोटोत घ्या म्हटलं, तर हसला, "बाई, नवऱ्याच्या जागी आता खांब तुम्ही राखणार का?" पण हो म्हणाला.

काल मी त्याच खांबाशी उभी राहिले. खोकला आला, तो गिळला. झाकण बसेपर्यंत हलले नाही.

तुझी ताई,
अंबू