विजेवरची की इंजिनाची

अप्पा,

आज जेवणं झाल्यावर माझ्या लेकीनं मला विचारलं, गाडी कुठली घ्यायची, विजेवरची की इंजिनाची. मी उत्तर दिलं आणि इथं मागच्या खोलीत येऊन बसलो. ती सुट्टीला आलीय, पोराला घेऊन. तुमच्या पणतूला आठवं लागणार आहे पुढच्या आठवड्यात, आणि त्याला हवीय हातातल्या डब्यावरनं पळवायची गाडी. जावई पुण्याहून येताना आणणार आहेत. दुकानात दोन प्रकार आहेत म्हणे. एक बॅटरी चार्ज करून चालणारी, आणि दुसरीत बोटभर इंजिन, त्यात वेगळं तेल घालायचं, धूर सोडत खऱ्या गाडीसारखी बोंबलत जाते. लेकीला अर्थातच पहिली पसंत. पोरगं मात्र दोन दिवस एकच धोशा लावून बसलंय, मला आवाजाची पाहिजे. का रे बाबा, म्हटल्यावर म्हणतो, आजोबांनाही कळेल ना ती कुठं आहे ते. लेकीनं त्याला जवळ ओढलं. केवढं गुणी पोर, म्हणाली. पण अप्पा, अशी सबब मला माहीत आहे. मी त्याच वयात असल्या सबबी डझनानं तयार ठेवायचो.

हे मी ठिपक्यांच्या लिपीत टोचतोय. तुम्हाला ती कधी यायची नव्हती, आणि या घरातही माझ्याशिवाय कुणाला येत नाही. लेकीला वाटतंय बाबा जुनं काहीतरी वाचत बसलेत. वाटू दे.

तुमचं शुक्रवार पेठेतलं दुकान माझ्या नाकात अजून आहे. वितळलेलं कथील, राळ, तापलेल्या रेडिओच्या लाकडाचा वास. शाळा सुटली की मी तिथं येऊन स्टुलावर बसायचो. त्या वर्षांत सोलापुरातल्या गिरण्यांची निम्मी माणसं तुमच्याकडं रेडिओ घेऊन यायची आणि तुम्ही प्रत्येकाला म्हणायचा, ठेवा की, परवा या. मला तेव्हा समोर एका चिंचोळ्या नळीएवढंच दिसायचं. त्यात तुमचा अंगठा दिसला तर कथलाची तार दिसायची नाही. संध्याकाळ झाली की तेही बंद. रोज सकाळी तुम्ही दारातल्या उजेडात मला उभं करायचा आणि हात वर करून विचारायचा, "तम्मा, किती?" मी म्हणायचो, तीन. तुम्ही म्हणायचा, शाब्बास. तीन सोडून कमीजास्त बोटं तुम्ही कधी दाखवलीच नाहीत. मला वाटायचं मी तुम्हाला फसवतोय. मोठा झाल्यावर कळलं की आपण दोघंही एकाच बाजूनं खेळत होतो.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, आईच्या माहेरी कुणाला असं आहे का. तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. तो घट्ट झाला आणि तुम्ही म्हणालात, "न्हाय, कुणालाच न्हाय. ताप आला हुता, तवापास्नं हाय हे." अव्वाचा थोरला भाऊ अक्कलकोटला उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधून, ती धरून फिरत होता, आणि तुम्ही सरळ न्हाय म्हणालात. अव्वा बाजूला होती. तीही गप्प. मला कधी असला ताप आल्याचं आठवत नाही, पण त्या दिवसापासून मला ताप आला होता. मी तो शाळेत सांगितला, नोकरीच्या ठिकाणी सांगितला, लग्न ठरताना सांगितला, लेकीला गोष्टीसारखा सांगितला. पुढं एका डॉक्टरांनी मला समजावलं की हा रोग आईकडून येतो, आणि माझ्या मुलीला दिसेल नीट, तिच्या मुलाचं मात्र सांगता येत नाही. तोपर्यंत तिच्या हाताला मेंदी लागली होती.

तर आपल्या दुकानातली ती गाडी. कुणाचा तरी मेव्हणा जहाजावर होता, त्यानं परदेशातून आणलेली. रेडिओवर चालते म्हणून रेडिओवाल्याकडं आली, आणि मालकाच्या पोराचं मन उडाल्यावर तुमच्याकडंच राहिली. आख्ख्या पेठेत असली वस्तू कुणी बघितली नव्हती. आत अंगठ्याएवढं इंजिन होतं. तुम्ही कुठनं तरी स्पिरिट पैदा केलंत, त्यात अव्वाच्या फडताळातलं एरंडेल घातलंत, आणि एका दुपारी टेबलावर गाडी उलटी धरून ते चालू केलंत. असा कर्कश आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. शेजारचा शिंपी धावत आला, रस्त्यातली कुत्री भुंकायला लागली. तुम्ही गाडी हातात घेऊन दुकानात इकडून तिकडं फिरलात, आणि मला, अप्पा, काय झालं ते कसं सांगू, मला ती कुठं आहे ते दिसत होतं. दारापाशी, कपाटापाशी, तुमच्या छातीशी. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा एखादी वस्तू मला न शोधता सापडत होती. मी नाचायलाच लागलो. म्हटलं, हीच ठेवा, अशीच ठेवा.

तुम्ही इंजिन बंद केलंत. "कान फाटतील की लोकांचे," म्हणालात. "आन् ह्यो वास. हे काडून टाकू. आपण इजंवरची करू. टेपची मोटर हाय माझ्याकडं, सेल बशिवतो. अशी गुपचूप पळंल, तू नुसतं बघत ऱ्हाशील." मी म्हणालो, मला आवाजाची आवडते. तुम्ही विचारलंत, "का?"  काय सांगणार होतो? आवाज नसेल तर मला ती सापडणार नाही, एवढंच वाक्य होतं, पण ते बोललो असतो तर तुमचे सोमवारचे उपास, अव्वाचे नवस, सगळं त्या टेबलावर मोडून पडलं असतं. मी म्हणालो, खऱ्या गाडीसारखी वाटते म्हणून. तुम्ही हसलात. हसताना थोडं थांबलात, ते मला अजून आठवतं. तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं का? कळलं असेल तर इंजिन काढलंत कशाला? आणि मला वाटतं, कळलं म्हणूनच काढलंत. ते ठेवलं असतं तर मान्य केल्यासारखं झालं असतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आपण होम मैदानावर गेलो. ऊन चढलेलं, आणि उन्हात माझी ती नळीसुद्धा पांढरी पडायची. तुम्ही गाडी खाली ठेवलीत, डबा माझ्या हातात दिलात, त्याची लांब तार वर ओढलीत. माणसं जमली. "चालव," म्हणालात. मी दांडी ढकलली. मातीवर थोडा खसखस आवाज झाला आणि मग काही नाही. मोटर तुमची लई चांगली होती, अप्पा, जराही कुरकुरली नाही. पहिल्यांदा तुम्ही सांगत होतात, डावीकडं घे, आता उजवीकडं, आणि मी घेत होतो. मग तुम्ही बोलायचे थांबलात. मी दांडी फिरवत राहिलो. गप्प राहणं बरं दिसेना म्हणून म्हणालो, "कसली वळतीया बघा, अप्पा."  मी पुन्हा म्हणालो, आता लांब गेली, आता परत फिरवतो. तेवढ्यात शेंगा विकणारा एक जण म्हणाला, "आवो, गाडी तर हितं पडलीया की, कवाची."

आणि तुम्ही त्याला दबक्या आवाजात म्हणालात, "सुम्मनिरो." गप बस. घरात आपण कानडी बोलायचो ते अव्वाशी, मायेनं. त्या दिवशी तीच भाषा तुमच्या तोंडून दात खाल्ल्यासारखी आली. मग तुम्ही आवाज नीट केलात आणि मला म्हणालात, "व्हय तम्मा, लई झ्याक वळतीया. चालव, चालव." मी दोन्ही ऐकलं होतं. तुम्हाला माहीत होतं की मी ऐकलंय. आणि मी चालवत राहिलो. पडलेली गाडी मी डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, त्या सगळ्या माणसांपुढं, आणि एकही माणूस हसला नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली.  केव्हा थांबायचं ते मला कळेना, कारण थांबायला गाडी कुठंतरी पोचायला हवी ना.

मला वाटलं, आता घरी जाताना तरी बोलाल. रस्ताभर तुम्ही माझं मनगट धरून होतात, एवढं घट्ट की दुखत होतं. मी वाट बघत होतो. एकदा म्हणा, तम्मा, तुला दिसत न्हाय न्हवं? मी व्हय म्हणणार होतो, शपथेवर सांगतो, रडत रडत व्हय म्हणणार होतो, आणि आपण दोघं रडून मोकळे झालो असतो. अव्वानं गव्हाची गोड हुग्गी केली होती. तिनं विचारलं, कशी चालली? तुम्ही ताटावर बसत म्हणालात, "ह्येनंच चालवली सगळी. लई नजर हाय पोराची." 

त्यानंतर तुम्ही सकाळी बोटं दाखवायची बंद केलीत. उपास मात्र वाढवलेत. मंद्रूपच्या बाजारादिवशी तिथल्या वैद्याकडं न्यायचा, तो डोळ्यांत पानांचा रस पिळायचा आणि मी एसटीत येताना आग आग करत तुमच्या धोतरात तोंड खुपसायचो. तुम्ही म्हणायचा, आग होतीया म्हंजे गुण येतोय. शाळेत मी फळ्यासमोर बसून शेजाऱ्याच्या तोंडून ऐकून पाठ करायचो, मग तेही जमेना, मग नापास. तुमच्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं, तुमचे डोळे चांगले होते. मग एका सकाळी तुम्ही दुकानात बसल्या जागीच वारलात, कथील लावायची सळई तापलेली तशीच. काकांनी मला अंधांच्या शाळेत घातलं तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं आणि शेजारी सहा-सात वर्षांची पोरं ठिपके भराभर वाचत होती. माझी बोटं जड. गुरुजी माझी बोटं हातात घेऊन म्हणाले, एवढी वर्षं कुठं होतास रे? काय सांगणार? गाडी चालवत होतो.

नोकरी मिळाली, टेलिफोनवरची. आयुष्यभर लोकांना "होल्ड करा" म्हणत बसलो. लग्न झालं, लेक झाली, वाईट चाललं असं कुणी म्हणणार नाही. पण तुमच्या फोटोला हार घालायला हात वर केला की आतून चिडतो मी. हे आज पहिल्यांदा लिहितोय. तुम्ही मारलं असतंत, टाकून बोलला असतात, तर सोसलं असतं. तुम्ही प्रेमानं मला एकट्याला अंधारात ठेवलंत. बरं होणारं ते नव्हतंच, आजही फारसं नाही. पण बोलून टाकलं की एक माणूस बरोबर असतं. पोराला शिकवायला वेळ मिळतो, त्याला लपवाछपवी करावी लागत नाही. एवढंच तुमच्याकडं मागणं होतं, आणि तुम्हाला तेवढं जमलं नाही, असं मी जन्मभर म्हणत आलोय, मनातल्या मनात, दात खाऊन.

आता ऐका. पोरगं चेंडू बाजूला गेला की शोधत बसतं, समोर असला तर झेलतं. तिन्हीसांजेला ते माझं बोट धरतं. सगळे म्हणतात, आजोबांना धरून आणतंय. मला कळतं कोण कुणाला आणतंय ते. परवा त्यानं भरल्या ताटात पाय दिला, लेक ओरडली, लक्ष कुठं असतं तुझं? तो म्हणाला, चुकून. ही असती, तुमची सून, तर तिनं त्याच दिवशी लेकीला कोपऱ्यात घेऊन सांगितलं असतं. ती तुमच्यासारखी नव्हती. मी आठवडाभर वाक्य जुळवतोय. आधी तापाचं खोटं काढायचं, मग मामांची दोरी, मग म्हणायचं, बाई, हे तुझ्यातनं आलंय आणि तुला माझ्यातनं. कुठनं सुरू करू, सांगा.

आज जेवणानंतर लेकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "बाबा, ह्यांचा फोन आलाय, दुकानात उभे आहेत. तुम्हीच सांगा कुठली घ्यायची. तुम्ही म्हणाल ती." पोरगं माझ्या गुडघ्याला टेकून उभं होतं. श्वास रोखून. त्याला वाटत होतं, आजोबांना कळेल. त्यानं माझी पँट मुठीत धरली होती, हळूच ओढत होता, कुणाला दिसू नये असं. यापेक्षा सरळ कुणी कुणाला विचारलं नसेल, अप्पा. मी तोंड उघडलं. फोनवर जावई हॅलो हॅलो करत होते.

विजेवरची घ्या, म्हणालो मी. आवाज कशाला एवढा.

त्याची मूठ सुटली. हट्ट नाही, रडणं नाही. भिंतीला तळवा घासत घासत आतल्या खोलीत गेला, तो घासल्याचा आवाज मी दारापर्यंत ऐकला. लेक म्हणाली, बघा, लगेच ऐकलं. मी म्हणालो, शहाणं आहे पोर.