माल फास्ट करा

१९ जानेवारी, सोमवार, दुपार

ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. सासूबाईंचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. पोरांना गालगुच्चे. इथे थंडी आहे, माझ्या खोलीतला गळका नळ एकदाचा दुरुस्त झाला. भावोजींकडे रोज संध्याकाळी दवाखान्यात जातो. काल त्यांनी दाढी करून घेतली.

एवढं लिहून मी दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाचच खिडकी लावायला. लावली आणि परत उघडली.

तू लिहिलंयस, ‘तू तिथे आहेस म्हणून मला घोर नाही.’ हे वाक्य खिशात घेऊन मी दोन दिवस फिरतोय. फोनवर सांगणार होतो, पण तुझा आवाज आला की मी भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवतो.

तू आठ दिवस इथे होतीस तेव्हा सगळ्यांनी तुला सांगितलं की क्रेनवाल्या मामांच्या चुकीने खोका सुटला आणि भावोजींच्या पायावर आला. मीही मान डोलावली. ते खरं नाही, ताई.

गोदामात नवी क्रेन आली तेव्हा तिच्यासोबत इंग्रजी सूचनांचा एक कागद आला होता. साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि मराठीत लिहून भिंतीवर लावायला सांगितला. नोंदी लिहिणारा मी एकटाच, म्हणून गोदामात मला मास्तर म्हणतात. मलाही ते आवडायचं. बारा ओळी होत्या. सातवी होती, ‘मेक द लोड फास्ट बिफोर लिफ्टिंग.’ मी लिहिलं, ‘उचलण्यापूर्वी माल बांधण्याचं काम झटपट उरका.’

आमच्याकडे एक जण साखळी बांधायचा, दुसरा ती ओढून बघायचा, मगच मामा खोका उचलायचे. भिंतीवर झटपट लिहिलेलं बघून ते ओढून बघणं बंद झालं. नवव्या दिवशी साखळी सरकली. खाली भावोजी होते.

अपघातानंतर दोन दिवसांनी मी डिक्शनरी काढली. फास्ट म्हणजे वेगवान, हे कुणालाही ठाऊक. पुढे पळणारं घड्याळ फास्ट, जिवाभावाचा दोस्तही फास्ट. आणि त्याच्या खाली, जागचं न हलणारं, घट्ट बांधलेलं, तेही फास्टच. माल घट्ट बांधा, एवढंच त्या ओळीत होतं. अगं, तू शिवायला कापड घेताना दुकानदाराला काय विचारतेस? रंग फास्ट आहे ना? तेव्हा तुला पळणारा रंग नको असतो, धरून बसणारा हवा असतो. हे मी लहानपणापासून तुझ्याशेजारी उभा राहून ऐकलंय. मला येत होतं ते.

पण याहून वाईट पुढे आहे. ती ओळ लिहितानाच मला खटकली होती. एवढं वजन उचलताना घाई करा असं कोण कशाला सांगेल, असं मनात आलं होतं. डिक्शनरी खालच्याच खणात होती. पण समोर चार जण उभे होते, आणि मास्तर खण उघडून शब्द शोधतोय हे मला त्यांना दाखवायचं नव्हतं. म्हणून लिहून टाकलं.

मामांना घरी बसवलं. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरलीत. मी तीन आठवडे गप्प राहिलो. शेवटी गेल्या मंगळवारी भावोजींना सगळं सांगितलं. त्यांनी पायाची पट्टी सारखी केली आणि म्हणाले, “आधी मामांना सांग. मग साहेबांना. मग तुझ्या ताईला. माझ्याकडून तिला काही कळणार नाही, तूच सांगायचंस.”

मामांच्या घरी गेलो. मी बोलत होतो तेवढा वेळ ते शर्टाचं बटण लावत राहिले, एकच बटण. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “उरलेल्या अकरा ओळी आण. डिक्शनरी पण आण.” दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येक शब्द बघितला. अकराही बरोबर निघाल्या. तरी त्यांनी परत पहिल्यापासून वाचायला लावल्या.

शुक्रवारी साहेबांना लेखी दिलं. मामा आज कामावर आले. मला टेबलावरून उठवलंय, चौकशी होईपर्यंत घरीच थांबायचं आहे. आता साधी पाटी वाचली तरी दोनदा थांबतो.

एक उरलंय. पाय हळूहळू पहिल्यासारखा होईल, असं मी तुला फोनवर सांगत आलो. डॉक्टरांनी तसं कधीच म्हटलेलं नाही. घोटा आता वाकणार नाही. भावोजी चालतील, पण लंगडत, आणि कायमचं. त्यांना हे माहीत आहे. तुला नव्हतं, ते माझ्यामुळे.

माफ कर असं लिहीत नाही. तुला राग येईल तो येऊ दे. उत्तर आलं तर वाचेन. नाही आलं तरी दर रविवारी भावोजींची खबर लिहीन, आणि ती जशी असेल तशीच लिहीन.

तुझ्यापासून काही न लपवणारा, आजपासून,
तुझा धाकटा