डबा तेवढाच होता

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. गुडघे हल्ली दोन अंगांच्या पुढे जायला तयार नाहीत.) तू बरा असशील, वहिनींची कंबर पूर्वीइतकीच दुखत असेल आणि तुझ्या दुकानाबाहेर चेपलेल्या गाड्यांची रांग लागलेली असेल, असं धरून चालतो. मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, त्याच्या मागच्यालाही नाही, तेव्हा तुझी तब्येत उत्तम आहे हे ओघानंच आलं. आजारी असतास तर वहिनींनी कळवलं असतं. माझं म्हणशील तर डोळे गेले, दात जाताहेत आणि गेल्या मंगळवारी जीभही सुटली. त्याचीच हकिकत कळवायला बसलो आहे. चहा करून घे आणि मग वाच, कारण मी पाल्हाळ लावणार आहे आणि मला मध्येच थांबवायला तू इथे नाहीस.

एकतीस वर्षं कंपनीच्या गाड्यांच्या सीटा शिवल्यावर माझ्या डोळ्यांनी हात टेकले, हे तुला मागेच लिहिलं होतं. कंपनीनं मग मला घरी न पाठवता फाटकाजवळच्या संग्रहालयात उभं केलं. राखाडी कोट, छातीवर ‘वारसा-मार्गदर्शक’ असा बिल्ला, एका वेळी बारा पाहुणे, तीन दालनं, चाळीस मिनिटं. जे काही जुनं आहे त्याला काच लावलेली आहे, मी सोडून. पहिल्या दालनात थोरल्या मालकांचा पुतळा. त्यांनी सुरुवातीला ‘सन्मानपूर्वक प्रवासासाठी खास वाहने’ बनवली, असं भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलंय. म्हणजे शववाहिका. नऊ वर्षं हा माणूस मेलेल्यांना हळूहळू नेण्याच्या गाड्या बांधत होता आणि मग एके दिवशी त्याला जिवंतांना वेगानं न्यायची हुक्की आली. (गिऱ्हाईक तेच राहिलं, क्रम तेवढा उलटा झाला, असं बाबा म्हणायचे. बाबांनी आयुष्यात केलेला हा एकुलता एक विनोद, आणि तोही घरात, दार लावून.) पाहुण्यांपैकी कोणी ‘खास म्हणजे कसली वाहने?’ असं विचारलं, तर मी ‘चला, पुढचं दालन’ म्हणायचं, असं माझ्या छापील पुस्तिकेत आहे.

दुसऱ्या दालनात एक नंबरची गाडी. लाल, बुटकी, अंग चोरून बसलेली. तिच्याबद्दल वाईट लिहावं म्हणून पेन उचललं, पण लिहवत नाही. नऊ वर्षं रोज बघतोय आणि अजून सकाळी दिवे लागले की आधी तिच्यापाशी जाऊन उभा राहतो. माणसं तीन-तीन वर्षं नंबर लावून बसतात या कंपनीच्या गाडीसाठी. एकदा एक म्हातारे सर्जन आले होते. त्यांनी दारावरच्या त्या रेषेवरून डोळे मिटून बोट फिरवलं आणि रुमाल काढला. (हात लावायला मनाई आहे, पण मी तिकडे पाठ केली.) ती रेषा, दादा. पुस्तिकेत तिचं नाव ‘स्वाक्षरी-रेषा’. थोरले मालक तळ्याकाठी बसले होते, एक पांढरा पक्षी पाणी कापत गेला, मालकांनी बोटानं हवेत ती वाट काढली आणि म्हणाले, ‘अशी!’ हे मी दिवसातून सहा वेळा म्हणतो. ‘अशी!’ म्हणताना हवेत बोट फिरवायचं, हेही पुस्तिकेत आहे.

आपल्या घरात त्या रेषेचं नाव ‘बाबांचा पोचा’. तुला आठवतंय ना? प्रदर्शनाला गाडी जायची होती दुसऱ्या दिवशी दुपारी, ॲल्युमिनियमचे शेवटचे दोनच पत्रे उरले होते आणि बाबा वाळूच्या पोत्यावर दाराचा पत्रा ठोकत होते. जेवण गरम राहावं म्हणून ऊन लागलेल्या पोत्यात डबा खुपसून ठेवायची त्यांची खोड. त्या दिवशी डबा निम्मा वर राहिला आणि लाकडी हातोड्याचा घाव पत्र्यासकट आईच्या लांबट डब्याच्या कडेवर बसला. पत्र्याला दीड विताची सरळ घडी पडली, शेवटी डब्याच्या मोडक्या कोपऱ्याचा बारीकसा आकडा. दुसरा पत्रा दुसऱ्या दाराचा, तिसरा नाही. बाबांनी काय करावं? डबा रिकामा केला, दुसऱ्या पत्र्याखाली ठेवला आणि तिथेही तसाच पोचा पाडला, म्हणजे निदान जोडी तरी जमेल. थोरले मालक आले, बराच वेळ बघत राहिले, ‘हे काय?’ म्हणाले. बाबा म्हणाले, ‘रेषा आहे, मालक.’ मालक म्हणाले, ‘ठेवा.’ एवढंच. (एक शब्द का होईना, पण ठेवा म्हणायलाही नजर लागते, हे मी त्यांना देतो. बाकी काही देत नाही.) आईला झाकण न बसणाऱ्या डब्यावर पुढची दहा वर्षं काढावी लागली. हल्ली गाड्या मोठ्या झाल्या, दारं लांब झाली, पण रेषा दीड वीतच. ड्रॉइंग विभागातले दोन इंजिनिअर कॉम्प्युटरवर त्या आकड्याचं माप केसाच्या फरकानं जुळवत बसतात. त्याला ते ‘शेपूट’ म्हणतात.

गाडीच्या दहाव्या वर्षाच्या समारंभात थोरल्या मालकांनी पहिल्यांदा तो पक्षी उडवला तेव्हा आपण तिघं चौथ्या रांगेत होतो. बाबांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तू विचारलंस, टाळ्या का वाजवल्या, तर म्हणाले, सगळे वाजवत होते. तू त्यांना ‘तुम्ही माणूस नाही, नोकर आहात’ असं म्हणून दुसऱ्या दिवशी आईचा तोच डबा घेऊन गेलास, तो गेलासच. तुला हे कोणी सांगितलं नाही म्हणून मी सांगतो. बाबांना आपलं काही लुटलं गेलं असं वाटलंच नव्हतं. दहा वर्षं ते रोज, आज आपली चूक पकडली जाणार, या भीतीनं कामावर जात होते. पक्षी उडाला आणि त्यांची सुटका झाली. म्हणून टाळ्या. आणि मीही वाजवत होतो. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा थांबलो होतो, तू मान वळवल्यावर पुन्हा सुरू केल्या.

आता मंगळवार. कंपनीचं पन्नासावं वर्ष (शववाहिकांची नऊ धरत नाहीत), त्यामुळे गाडीमालकांच्या क्लबाचे पाहुणे आले होते. सगळ्यांच्या अंगावर एकसारखी जॅकिटं. मी ‘अशी!’ म्हणून बोट फिरवलं, सगळे ‘आहाहा’ म्हणाले. तेवढ्यात मागच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की रेषा इतकी सुंदर आहे तर ती मध्येच का थांबते, हँडलपर्यंत का जात नाही? याचं उत्तर पुस्तिकेत आहे, ‘वेगाने घेतलेला श्वास’. नऊ वर्षं तोंडपाठ. पण त्या दिवशी मला सर्दी होती, कवळी नवी होती, आणि बाईंनी विचारलं अगदी खरंच कळत नाही म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘डबा तेवढाच होता.’

मग कोणीतरी ‘कसला डबा?’ म्हणालं आणि मी, कधी नव्हे तो, पुढच्या दालनात जायचं विसरलो. सगळं सांगितलं. वाळूचं पोतं, हातोडा, मोडका कोपरा, झाकण. बाराच्या बारा जण खाली बसून ती रेषा नव्यानं बघायला लागले. डॉक्टरीणबाईंनी बाबांचं नाव विचारलं. दादा, नऊ वर्षांत त्या दालनात बाबांचं नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं आणि ते मी उच्चारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. मागून पाय वाजले म्हणून वळलो, तर दारात इतिहास विभागाच्या बाई उभ्या. (वय सत्तावीस. एक नंबरच्या गाडीचे टायर त्यांच्यापेक्षा जुने आहेत.) माझी पाचावर धारण बसली.

मला वाटलं आता खरडपट्टी निघणार. त्याची सवय आहे, त्यात माणूस टिकतो. पण नेलं थेट धाकट्या मालकांच्या खोलीत, म्हणजे थोरल्यांच्या नातवाकडे. ते उठून उभे राहिले! मला बसायला दिलेली खुर्ची मीच शिवलेली होती, उजव्या हाताच्या शिवणीत एक टाका चुकलेला, तेवीस वर्षांपूर्वीचा. पूर्ण वेळ मी त्यावर कोपर ठेवून बसलो, म्हणजे कोणाला दिसू नये. (बाबांचा मुलगा आहे मी, दुसरं काय.) चहा आला. धाकटे मालक म्हणाले, तुमची गोष्ट फार गोड आहे, पण पन्नासाव्या वर्षाच्या ग्रंथात एकवाक्यता पाहिजे. मग बाईंनी कागद पुढे केला. त्यात असं की, आमचे वडील घरी नेहमी सांगत असत की ही रेषा थोरल्या मालकांच्याच मनातली होती, आपण फक्त हातोडा चालवला. आणि पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय, तर आठवण म्हणून काय आवडेल, असं मालकांनी विचारलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं त्यांना दिसलं असावं. म्हणाले, एक नंबरच्या गाडीतून मागच्या धावपट्टीवर एक फेरी?

तुला ठाऊक आहे, आपल्या घरातलं कोणी कधी त्या गाडीत बसलेलं नाही. मी तिच्या सीटा नंतर नव्यानं शिवल्या, पण बसून बघायला मनाई, कातड्यावर वळ पडतात. बाबा कंपनीच्या गाडीत एकदाच गेले, आणि तेही आडवे, थोरल्यांच्या वेळच्या शेवटच्या जुन्या शववाहिकेतून. कंपनीनं ती मोठ्या मनानं दिली होती. तू स्मशानात आलास, खांदा दिलास, गाडीकडे पाहून थुंकलास आणि परत गेलास. मला मात्र तेव्हापासून वाटत होतं की आपण एकदा बसून जावं.

पण म्हणून बाबांना विकायचं? मी कागद वाचला. दोनदा वाचला, चष्मा पुसून. आणि उठलो. असा ताठ उठलो, दादा, की खुर्ची मागे सरकली. धाकट्या मालकांच्या डोळ्यांत बघितलं आणि मागे न वळता खोलीबाहेर पडलो. तू तिथे असतास तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुला माझी लाज वाटली नसती.

वहिनींना नमस्कार. कंबरेला शेक द्यावा. डब्यात तू खिळे ठेवतोस असं ऐकतो. ठेव, पण गंजलेले ठेवू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : वर उठण्याबद्दल लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त सही करून उठलो, हे लिहायचं राहिलं. सोबत तो कागद जोडला आहे. दोन्ही मुलांच्या सह्या लागतात, एकट्याची चालत नाही, असं वकिलांचं म्हणणं. तुझ्यासाठी पेन्सिलीनं फुली केली आहे. तिथे सही करून उलट टपाली पाठव.

ता. क. २ : पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात बोलावणं आलं. फेरी आज सकाळीच झाली. तीन मिनिटं. काय सांगू तुला! तो आवाज कानांनी ऐकायचा नसतोच, तो बरगड्यांत वाजतो. मी रडलो. चालकाला सांगितलं, वाऱ्यानं. पण एक गोष्ट मला नऊ वर्षांत सुचली नव्हती. आत बसलं की पोचा दिसत नाही. म्हणून दुसऱ्या वळणावर मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि दारावरून खाली नेला. सापडला. आईच्या डब्याचा तो मोडका कोपरासुद्धा बोटाला लागला. चालक ओरडला, ‘आजोबा, हात आत!’ मी घेतला आत. जन्मभर तेच करत आलोय.

ता. क. ३ : दादा, सही करू नकोस. मला नाही म्हणता येत नाही, ते घरात तुलाच येतं. बाबांना सुनावलंस तसंच यांनाही डब्याबद्दल लिहून पाठव, एक शब्द कमी करू नकोस, माझ्याबद्दल काही लिहायचं असेल तर तेही लिही. मी ते पत्र धाकट्या मालकांच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, बघा, मी तर समजावलं होतं. फक्त अक्षर नीट काढ. तुझं अक्षर लहानपणापासून घाणेरडं आहे, आणि बाबांचं नाव त्यांना वाचता आलं पाहिजे.